खवट तेलाचा उतरलेला आकडा

सुकलालभाऊ गेल्याचा फोन पेपरच्या कचेरीत आला तेव्हा मी उद्याच्या अंकाचं पान लावत होतो. नाव, वय, अंत्ययात्रेची वेळ कागदावर उतरवून घेतली आणि पान पुरं केलं. त्याला पाच आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही.

आम्ही खानदेशातल्या एकाच गावचे, सुरतेत लिंबायतला शेजारी. गल्लीतले बाकी सगळे कापडाच्या लूमवर. भाऊ एकटे तेलाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. शेंगदाणा तेल हवेनं किती बिघडलं हे मोजायचं त्यांचं काम. तेलात रसायनं आणि स्टार्च घालून ते निळंकाळं करायचं, मग काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं आणि निळा रंग गेला की थांबायचं. द्रावण जितकं जास्त लागलं तितका आकडा मोठा, तितकं तेल बिघडलेलं. पण त्याआधी भाऊ तेलाचा थेंब तळहातावर चोळून हुंगत. घरीही तेच. विमलवहिनी नवा डबा फोडला की तळव्यावर थेंब चोळून हात त्यांच्या नाकापुढे धरायच्या. भाऊंनी मान हलवली की कढई चढायची.

एका वर्षी गोदामात पडून राहिलेल्या डब्यांचा आकडा चैत्रात चढला होता, आषाढात एकदम उतरला. आकडा कमी म्हणून शेठ खूश झाले. "सुकलालभाई, आंकडो तो ओछो छे! सही करी दो ने."

"शेठ, तेल काय म्हातारपणी तरुण होतं का?" भाऊ म्हणाले.

तेल फार जुनं झालं की या मोजणीत सापडणारा पदार्थच फुटून जातो. आकडा उतरतो, खवटपणा राहतो. तेल चांगलं असल्याच्या दाखल्यावर भाऊंनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्यानं केली, डबे बाजारात गेले, आणि भाऊंना फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं.

त्या संध्याकाळी चहाच्या लारीवर त्यांनी मला सगळं सांगितलं. "छाप," म्हणाले. मी म्हणालो, "भाऊ, कागदावर आकडा चांगला आहे. वासाची बातमी कशी करू?" त्यांनी चहा संपवला... मग अहिराणीत म्हणाले, "आकडाले नाक नही ऱ्हास, भाऊ. तुना पेपरले बी नही." हसले. पुन्हा तो विषय काढला नाही. शेवटपर्यंत फाटकावरच होते. येता-जाता मी हात करायचो, तेही करायचे.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो. पाहुण्यासाठी पापड तळायचे म्हणून त्यांनी नवा डबा फोडला. थेंब तळव्यावर चोळला आणि हात खिडकीजवळच्या भाऊंच्या रिकाम्या खाटेकडे नेला. तो तसाच राहिला... मग माझ्याकडे वळला.

"भाऊजी, तुम्ही बघा ना."

मी वाकून हुंगलं. तेलाचा वास होता. चांगला की वाईट, मला कळलं नाही.

"चांगलं आहे," मी म्हणालो.

कढई चढली.