टँकर अडवला त्या दिवशी

बजाजनगरातल्या दोन खोल्या सोडून आम्ही नव्या कॉलनीत राहायला गेलो, तेव्हा मला सगळ्यात अप्रूप मागच्या भिंतीचं होतं. भिंतीपलीकडं रिसॉर्टचा वॉटर पार्क. बिल्डरच्या माणसानं घर दाखवताना आधी गच्चीवरच नेलं. निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या, लाटांचा तलाव, कडेनं नारळाची झाडं. "मॅडम, असा व्ह्यू अख्ख्या वाळूजमध्ये नाय," तो म्हणाला. मी खासगी दवाखान्यात नर्स, नवरा कंपनीत सुपरवायझर. दोघंही हरखून गेलो.

उन्हाळा लागला आणि कॉलनीची बोअर आटली. टँकर चार-पाच दिवसांनी यायचा. पलीकडं मात्र सकाळपासून पाणी धो-धो कोसळायचं आणि माणसं आनंदानं किंचाळायची. त्या आवाजात आम्ही भांडी राखेनं घासून पुसून ठेवायचो. नुसत्या आवाजाचा एवढा राग येऊ शकतो, हे मला तिथं कळलं. एका बाईनं फुटकी कुंडी उचलून भिंतीपलीकडं भिरकावली. ती कुणाला लागली का, हे कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. माझा नवरा कधी चढ्या आवाजात बोलायचा नाही. पण एकदा जेवताना ताट सारून तो म्हणाला, "ही भिंत एक दिवस फोडली पाहिजे."

टँकरचा रस्ता रिसॉर्टच्या पार्किंगमधून होता. तिथं आडवी साखळी आणि साखळीपाशी एक गार्ड. पन्नाशीचा, शेजारच्या गावचा माणूस. मी कामावरून आले की विचारायचा, "झाली का ड्यूटी, ताई?" लाटांचा तलाव आहे तिथं पूर्वी त्याचं रान होतं, हे त्यानंच एकदा सांगितलं होतं. आता तिथंच तो खाकी कपड्यांत उभा असायचा.

त्या रविवारी सहा दिवसांनी टँकर आला आणि साखळीपाशी थांबला. पार्किंग गाड्यांनी गच्च भरलेलं. कॉलनीतले पंधरा-वीस पुरुष धावले, मागून आम्ही बाया.

"साखळी काढ," माझा नवरा म्हणाला.

"आर्डर नाय, साहेब. पाच वाजेस्तोवर कोणतीच मोठी गाडी सोडायची नाय म्हणलेत."

"घरात प्यायला पाणी नाही आमच्या!"

"मला कळतं ना साहेब. पण मी सोडली तर उद्या मला काढतील."

मागून कुणीतरी गार्डची कॉलर धरली. त्यानं सोडवून घ्यायला हात झटकला आणि तो माझ्या नवऱ्याच्या तोंडावर बसला. चष्मा खाली पडून फुटला. नवरा डोळे बारीक करून नुसता उभा राहिला. आणि मी, रोज लोकांच्या जखमा धुणारी बाई, ओरडले, "अहो, बघताय काय? मारा त्याला!"

टँकरच्या पाइपाला जड लोखंडी तोटी होती. नवऱ्यानं पाइप दोन्ही हातांनी धरला आणि फिरवला. तोटी गार्डच्या डाव्या कानावर बसली. ओलं लाकूड फोडताना येतो तसा आवाज आला. तो गुडघ्यावर बसला. मग सगळेच तुटून पडले. लाथा, बुक्क्या, कुणाच्या हातात साखळीच आली. रोज सकाळी "राम राम" घालणारे शेजारी ते. तो जोरात ओरडत होता. पलीकडं घसरगुंडीवरची माणसंही ओरडत होती. ओल्या कपड्यांतले लोक मोबाइल वर धरून बघत होते.

तेवढ्यात आतून रिसॉर्टचे बाउन्सर काठ्या घेऊन धावत आले. आमच्यातल्या एकाचं मनगट मोडलं, एकाचे दात पडले. टँकरची काच फुटली, व्हॉल्व्ह उघडला गेला आणि सहा दिवसांचं पाणी डांबरावरून वाहून गेलं. कुणी ते बंद करायला वाकलंसुद्धा नाही.

मी ओढणीचा बोळा करून गार्डच्या कानावर दाबला. त्यानं डोळे उघडले, मला ओळखलं आणि माझा हात जोरात झिडकारला.

"हात लावू नको. तूच म्हणलीस ना, मारा?"

मी तशीच बसून राहिले. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी त्याला रिक्षात घातलं.

पोलीस चौकीत आमच्या कॉलनीनं एकच सांगितलं. गार्डनं आधी हात उचलला, मग झटापट झाली, त्यात तो दगडावर पडला. माझ्या नवऱ्यानंही तेच सांगितलं. रिसॉर्टलाही बोभाटा नको होता. त्यांनी गार्डला कामावरून काढलं आणि टँकरसाठी मागून दुसरा रस्ता दिला. कॉलनीत पेढे वाटले गेले. आमच्या वाट्याचा पेढा फ्रिजमध्ये वाळून गेला. नवरा जेवेना. मला त्याच्या हातांकडं बघवेना, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा आवाज आठववेना.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघं गार्डच्या गावी गेलो. तो ओट्यावर बसला होता, डाव्या कानावर पट्टी. त्याची बायको आतून आली. आम्ही कोण हे कळताच तिनं पायातली चप्पल काढली आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडावर हाणली. एकदा, दोनदा, तीनदा. त्याच्या ओठातून रक्त आलं. त्यानं हात वर केला नाही. मीही मधे पडले नाही.

"बास कर," गार्ड म्हणाला. मग माझ्या नवऱ्याकडं वळला. "ह्या कानानं आता काय ऐकू येत नाय. ते जाऊ द्या. पण गावात समदे म्हणतात, ह्यानंच आधी मारलं. मी मारलं व्हतं का?"

"नाही," नवरा म्हणाला.

"मग तसं सांगा तिथं."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं चौकीत जाऊन जबाब बदलला. तोटी मीच मारली, त्यानं आधी हात उचलला नव्हता, तो दगडावर पडलाही नव्हता, असं लिहून दिलं. त्याच्यावर केस उभी राहिली. अख्ख्या कॉलनीचा जबाब खोटा ठरला. दुसऱ्या सकाळी आमच्या दारावर शेण फासलेलं. चार दिवसांनी भरदुपारी हॉलच्या खिडकीतून वीट आत आली आणि काचेचा तुकडा माझ्या गालात घुसला. मी आरशापुढं उभी राहून तो चिमट्यानं काढला. ज्यांच्यासाठी भांडलो त्यांच्यापैकीच कुणीतरी ती फेकली होती. कुणी, हे मी शोधलं नाही.

माझे ते शब्द मात्र कोणत्याच कागदावर आले नाहीत. "लिहू का मीपण?" असं मी नवऱ्याला विचारलं होतं. "हात माझा होता," एवढंच तो बोलला. माझ्यावर त्यानं कधीच काही टाकलं नाही, आणि तेच मला सोसत नाही.

केस अजून चालू आहे. गार्ड आता लासूर स्टेशनच्या बाजारात हमाली करतो. गेल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात तो बाकावर एकटाच होता. मी जवळ गेले आणि म्हणाले, "मारा म्हणणारी मीच होते. आज आत जजसाहेबांपुढं सांगणार आहे."

त्यानं मान वळवून चांगला कान माझ्याकडं केला.

"काय म्हणलीस? परत सांग."

मी परत सांगितलं. या वेळी मोठ्यानं. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली.