धनीराम आणि मोहफुलांचा वास

चिखल्याच्या खाणीत होता तोवर धनीराम रोज प्यायचा. शेवटी मुकादमाने त्याच्या नावापुढे ‘पिऊन आला’ असं लिहिलं आणि त्याला कायमचं घरी पाठवलं. ते खरंच होतं. पुढे दारू सुटली, तेव्हा तुमसरच्या एका व्यसनमुक्ती केंद्राने त्यालाच कामावर घेतलं. पिणाऱ्याशी तो कधी गोड बोलला नाही. रुग्णांच्या नोंदीही तशाच: ‘खोटारडा आहे’, ‘सुधारत नाही’.

त्या चैत्रात नोंदी कशा लिहायच्या हे शिकवायला नागपूरहून हर्षा मॅडम आल्या. सकाळीच त्यांनी धनीरामची चार दिवसांपूर्वीची एक नोंद सगळ्यांसमोर वाचली, ‘अंकुश पिऊन आला.’

“कशावरून, धनीरामजी?”

“वासावरून. मले काय शिकवता, मॅडम? माही अर्धी जिंदगी त्याच वासात गेली.”

“तुमची जिंदगी नाही विचारली मी. तो चालत कसा होता?”

“सरळ.”

“मग ते कुठं लिहिलंय?”

मागून कोणीतरी हसलं. धनीरामचे कान लाल झाले.

अंकुश बाहेरच्या बाकावर बसून होता. तो आंबागडचा, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर; दारू सोडायला केंद्रात येत होता. केंद्रातल्या नोंदीचा कागद आणल्याशिवाय मालक गाडी द्यायला तयार नव्हता. आतलं बोलणं ऐकून तो तडक आत आला.

“घरी मोहफुलं वाळून राहिली, काका. सध्या अख्ख्या गावाच्या अंगाले हाच वास येते. साऱ्यायले भरती करता का?”

“तू कायले मधात बोलतं?”

“माही गाडी जाऊन राहिली म्हणून!”

“अन् पेऊन कोणाले चिरडलं, तं?”

“तं तवा लिहा ना!”

“भांडण बाहेर करा,” मॅडम म्हणाल्या. “धनीरामजी, जुनी ओळ खोडायची नाही. खाली आजची तारीख टाका आणि त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. मत नको.”

पेन आपटून निघून जावं असं धनीरामला वाटलं. पण त्याने पाहिलं होतं. त्या दिवशी अंकुशने माठातलं पाणी बाटलीत भरलं होतं. बाटलीचं तोंड अरुंद, तरी थेंब सांडला नव्हता. तो न थरथरणारा हात पाहून धनीरामला रागच आला होता.

त्याने लिहिलं, ‘अंगाला मोहाचा वास. चाल सरळ. पाणी भरताना हात स्थिर.’ मग त्याखाली, ‘प्यायला का, हे मी विचारलं नाही.’

अंकुशने कागद वाचला. “पाह्यलं होतं, तं तवाच काहून नाही लिहिलं?”

“जा, गाडी चालव. वास आला तं पुन्हा लिहीन.”

“लिहा. पण विचारून लिहा.”

त्या कागदावर अंकुशला गाडी मिळाली. केंद्रात येई तेव्हा तो धनीरामकडे पाठ करून बसे.

“पेऊन आला का?” धनीराम दर खेपेला विचारी.

“नाही.”

धनीराम लिही, ‘नाही म्हणतो. पाठ करून बसला आहे.’