वहिनीच्या खात्यावरची बंदी

खातं बंद झालं तेव्हा वहिनी भुईगावच्या घरी, जेवण उरकून, नेहमीच्या सरावाला बसली होती. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. बाहेरच्या प्रोग्रॅमचा वापर आढळल्यामुळे हे खातं कायमचं बंद करण्यात येत आहे, असा तिचा अर्थ होता. वहिनीने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. ओळ हलली नाही.

वहिनी सकाळच्या शाळेत गणित शिकवते आणि दुपारी हा खेळ खेळते. पाच जणांचा एक संघ बॉम्ब लावतो, दुसऱ्या पाच जणांनी तो रोखायचा, आणि गोळी लागलेला त्या फेरीपुरता बाद. तिचा संघ पाच बायकांचा होता आणि ती त्याची कप्तान. विरार पूर्वेला, फुलपाड्यातल्या एका गेमिंग कॅफेत स्पर्धा ठरली होती. बंदी असलेल्या खेळाडूला प्रवेश नव्हता, सहावी बाई संघात नव्हती. म्हणजे खातं परत मिळालं नाही तर पाचही जणी घरी बसणार होत्या.

वसई-विरारच्या खेळाडूंचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. मी खेळत नाही, पण वहिनीने मला त्यात घेतलं होतं. तिथे खेळ बनवणाऱ्या कंपनीबद्दल एरवी चांगलं बोलणारं कुणी सापडत नसे. खेळ एक नंबर, कंपनी लुटारू, असं सर्वसाधारण मत. बंदुकीचे नुसते रंग ती मोबाइलच्या भावात विकते. खेळासोबत संगणकात एक पहारेकरी प्रोग्रॅम बसवते, तो सगळं घर धुंडाळतो आणि खरे चोर मात्र मोकळे फिरतात. तक्रार केली तर साच्यातलं उत्तर येतं. हे सगळं मी महिनोन्‌महिने वाचत आलो होतो.

वहिनीवरच्या बंदीची बातमी तिथे पोहोचली आणि त्याच लोकांना कंपनीचा शब्द एकदम प्रमाण वाटू लागला.

"कंपनी उगाच बॅन नाय करत," फुलपाड्याच्या संघाच्या कप्तानाने लिहिलं. हा कॉलेजातला तरुण वहिनीकडून दोनदा हरला होता. "मला तर आधीपासून डाउट होता. भिंतीमागचा माणूस आंटीला दिसतो कसा?"

"आंटी मॅथ्सची टीचर आहे, अँगल काढते," दुसऱ्याने लिहिलं. खाली हसण्याच्या खुणांची रांग लागली.

वहिनीने ते वाचून फोन बाजूला ठेवला. मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही पेपरात होतात. अशा वेळी काय करतात?"

आरोप झाला की डेस्कवर आधी एकच गोष्ट विचारली जायची, ती मी विचारली. त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं काय घडलं? वहिनीच्या मते काहीच नाही. तेच टेबल, तोच माउस. नवीन काही तिने बसवलेलं नव्हतं.

संध्याकाळी माझा मोठा भाऊ वाडीतून आला, तेव्हा तिने त्यालाही तेच विचारलं.

"मी कशाला हात लावीन तुझ्या खेळाला?" तो पाय धुता धुता म्हणाला. "फक्त वेलंकनीवाल्यांची तिकिटं काढली."

दरवर्षी आमच्या चर्चमधून वेलंकनीच्या यात्रेला मोठा गट जातो आणि त्याचं रेल्वेचं आरक्षण भाऊ घरच्या संगणकावरून करतो. तीच नावं आणि तीच वयं सहा-सहाच्या तुकड्यांत टाइप करून तो कंटाळला होता. म्हणून या वर्षी त्याने चुलतभावाकडून एक छोटा प्रोग्रॅम बसवून घेतला होता. कळ दाबली की तो नावं आपोआप भरत जायचा, माणसाच्या बोटांना जमणार नाही अशा वेगाने. तिकिटं निघाली, आणि भावाने तो तसाच चालू ठेवला. पहारेकऱ्याच्या लेखी, खेळ चालू असलेल्या संगणकात माणसाऐवजी कळा दाबणारं यंत्र बसलं होतं.

वहिनीने त्याला विचारलं, "यात्रेकरूंच्या यादीत माझं नाव होतं?"

"नव्हतं. तुला शाळा होती ना."

"मग मलाच का बाहेर काढलंत?"

ग्रुपमधल्या दोघा-तिघा भल्या माणसांनी तिला खासगीत सल्ला दिला. प्रोग्रॅमचं नाव काढू नका, अकाउंट हॅक झालं म्हणा, एकदा कबूल केलं की संपलं. भावालाही तेच पटत होतं. चर्चच्या कामाचा उल्लेख परदेशी कंपनीकडे जाणं त्याला बरं वाटत नव्हतं.

"उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या नसतील तर मी मार्क कापते," वहिनी म्हणाली. "इथे पायऱ्या लिहायच्या."

आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. प्रोग्रॅम होता, तो कुणी बसवला, कशासाठी, तो काय करतो आणि काय करू शकत नाही, एवढंच. तिने 'अन्याय' हा शब्द घातला होता. मी तो काढला. सोबत प्रोग्रॅमची फाइल जोडली. पहिलं उत्तर साच्यातलंच आलं, निर्णय अंतिम आहे म्हणून. वहिनीने तोच अर्ज पुन्हा पाठवला. या वेळी कुणीतरी तो वाचला असावा, कारण फाइलबद्दल दोन नेमके प्रश्न आले. तिने त्यांची उत्तरं दिली. स्पर्धेच्या आदल्या दुपारी खातं उघडलं. सोबत निर्बंध हटवल्याची ओळ होती, दिलगिरीचा शब्द नव्हता.

"कंपनीने चूक मानली," असं ग्रुपवर कुणीतरी जाहीर केलं. ते खरं नव्हतं. पहारेकऱ्याने पाहिलं ते खरंच तिथे होतं, त्याचा अर्थ त्याने चुकीचा लावला होता. पण त्या दिवशी ग्रुपला दुरुस्ती पाठवायची मला इच्छा झाली नाही.

अंतिम सामना फुलपाड्याच्या संघाशीच पडला. त्यांच्या सांगण्यावरून वहिनीच्या खुर्चीमागे एक माणूस उभा राहिला, तिचा पडदा आणि हात बघायला. तिने हरकत घेतली नाही. गुण बरोबरीत आले आणि एकच फेरी उरली. बॉम्ब लागला होता, तिच्या चौघी बाद झाल्या होत्या, समोर एकटा तो कप्तान उरला होता आणि तो भिंतीमागे दडला होता.

वहिनी बॉम्ब निकामी करायला बसली. त्याचा टिकटिक आवाज समोरच्यालाही ऐकू जातो. क्षणात तिने हात काढला, बंदूक उचलली आणि कोपऱ्यावर रोखली. आवाज ऐकून तो धावत बाहेर आला आणि तिच्या गोळीसमोरच आला. मग ती पुन्हा बसली आणि सावकाश बॉम्ब निकामी केला. तिच्या संघातल्या, गास गावच्या दोघी खुर्च्यांवर उभ्या राहून शिट्ट्या मारत होत्या. मागे उभा असलेला माणूसही टाळ्या वाजवत होता.

तो तरुण हेडफोन काढून तिच्याकडे आला. "सॉरी मॅडम. ते ग्रुपवर जे लिहिलं…"

"आंटीच म्हण," वहिनी म्हणाली. "आंटीकडून हरलास, हे नीट लक्षात राहील."

तो हसला आणि तिथेच उभ्या उभ्या त्याने ग्रुपवर लिहिलं, 'आंटी क्लीन आहे. मी समोर बसून हरलो.'

बक्षिसात कंपनीने पाठवलेले टी-शर्ट होते. पाचही पुरुषी मापाचे, त्यातही सर्वांत मोठे. या कंपनीला काही कळत नाही, असं पाची जणींनी एकमुखाने ठरवलं, आणि ते तिथल्या तिथे कपड्यांवरून चढवले. वहिनीचा गुडघ्यापर्यंत आला. तसाच घालून ती विरार पूर्वेच्या बाजारातून चालत गेली.