वेळ कुठे जातो ते राजाभाऊंनी शोधलं

राजाभाऊंचं नाव निघालं की माझं डोकं आजही तडकतं. सज्जन? हो, होते सज्जन. काय चाटायचंय त्या सज्जनपणाला!

१९९८ साल. बर दुबईतल्या एका शिपिंग कंपनीत आम्ही दोघं प्रोग्रामर, राहायचो जवळच्याच करामा भागात, एकाच बिल्डिंगमध्ये. मॅनेजर सतीश मूळचे पुण्याचे. राजाभाऊंना इथे आणलं त्यांनीच. कंटेनरचा महिन्याचा रिपोर्ट सकाळी सुरू केला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालायचा. एक दिवस सतीश सगळ्यांसमोर म्हणाले, "राजाभाऊंचा कोड म्हातारा झालाय. या महिन्यात सुधारला नाही तर व्हिसा कॅन्सल." राजाभाऊंची अवनी तेव्हा दहावीत, बोर्डाची परीक्षा तोंडावर. बापाचा व्हिसा गेला की तिचाही गेला.

राजाभाऊंनी प्रोग्रामच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी वेळ नोंदवणाऱ्या ओळी टाकल्या, कुठला भाग किती वेळ खातो ते दिसावं म्हणून. त्यांचे स्वतःचे भाग झटक्यात संपत होते. जवळजवळ सगळा वेळ खात होतं एकच फंक्शन, कामाचे दिवस काढायला सुट्ट्या मोजणारं. इथला शुक्रवार, मुंबई ऑफिसचा रविवार, ईद, दिवाळी... दर कंटेनरला ते सुट्ट्यांची अख्खी फाइल पुन्हा उघडून वाचत बसायचं. आणि ते लिहिलं होतं कुणी? सतीशनी!

"आत्ताच्या आत्ता वर जीएमना, जनरल मॅनेजरना दाखवा," मी म्हटलं.

"छे छे, उर्मिला. आपल्या माणसाला चारचौघांत कसं तोंडघशी पाडायचं?"

डोंबलाचा आपला माणूस! हे गेले पेढे घेऊन मनखूलला, सतीशच्या घरी, हळूच कानावर घालायला. सतीशनी पेढे खाल्ले, दुसऱ्या दिवशी फाइल एकदाच वाचली जाईल असं केलं आणि जीएमना सांगितलं, "राजाभाऊंची घाण मी साफ केली." रिपोर्ट चहा संपायच्या आत बाहेर!

मी तणतणत जीएमच्या केबिनमध्ये शिरले, सगळं ओकून टाकलं. त्यांनी राजाभाऊंना बोलावून सरळ विचारलं, "गलती किसके कोड में थी?"

राजाभाऊ खाली बघत म्हणाले, "सतीशसाहब ने ठीक किया, सर."

"खलास," जीएम म्हणाले. चूक राजाभाऊंचीच ठरली, व्हिसा कॅन्सल झाला.

सामान बांधायच्या दिवशी मी अवनीला सगळं सांगून टाकलं. माझ्याच्यानं राहवेना. ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, यू फाउंड इट. व्हाय डिडन्ट यू से सो?"

"बाळा, त्यांचं नाव खराब झालं असतं."

"अँड माय एक्झाम, बाबा?"

राजाभाऊ बॅगेला दोरी बांधत राहिले.