झाडलोटीतलं ‘लोट’

लेखक कसा आहे ते त्याच्या खुर्चीखाली बघावं, असं मालनबाईंचं मत होतं, आणि हे मत बनवायला त्यांनी एकवीस वर्षं घेतली होती. इतकी वर्षं त्या विद्यापीठातल्या भाषा विभागाचा हॉल झाडत होत्या. कवी येऊन गेले की चुरगाळलेले कागद, समीक्षक येऊन गेले की अर्धी खाल्लेली बिस्किटं. स्त्री-पुरुष समतेवर चर्चासत्र झालं की बायका आपापले कप टोपलीत टाकून जात आणि पुरुषांचे कप खुर्चीखाली समतेची वाट बघत बसत.

मालनबाईंचं माहेर हर्सूलच्या पलीकडचं. शाळा दुसरीत सुटली. नवरा, सर्जेराव, छावणीच्या बाजारात शिलाई मशीनवर बसायचे. विसरलेली अक्षरं मालनबाईंना पुन्हा भेटली ती हॉलमधल्या बॅनरवर. बॅनर उतरवून घडी घालताना त्या एकेक अक्षर जुळवायच्या. ‘उद्घाटन’ त्यांना ‘आई’च्या आधी वाचता यायला लागलं, अशी त्यांची मुलगी विशाखा चेष्टा करायची.

हीच विशाखा दोन वर्षांपूर्वी त्याच विभागात एमएला आली. प्रवेश मिळाला त्या दिवशी घरात, बाबासाहेबांच्या फोटोपुढं, मालनबाईंनी पेढा ठेवला आणि मग लेकीला समोर बसवलं.

“इथं मी तुजी कुणी नाय. जिन्यात दिसले तरी बोलायचं नाय.”

“आई, लाज वाटती का तुला तुझ्या कामाची?”

“कामाची नाय वाटत. पर आपल्याकडं आधीच दहा नजरा बघत्यात. त्यात झाडूची अकरावी कशाला?”

विशाखा रडली, भांडली, शेवटी कबूल झाली. दोन वर्षं मायलेकी एकाच जिन्यावरून अनोळखी माणसांसारख्या गेल्या. हे गुपित फक्त शिपाई पुंडलिकला ठाऊक होतं. एरवी त्याच्या पोटात चहाचा घोटही ठरायचा नाही, पण एवढं मात्र त्यानं ठेवलं.

यंदाच्या कार्यक्रमाचा बॅनर लांबलचक होता : ‘वंश, जात, लिंगभाव आणि सर्जनशील लेखन’. अमेरिकेहून एक काळ्या वर्णाच्या लेखिका आल्या होत्या. विद्यार्थ्यांनी आपलं लेखन वाचायचं, पुण्याहून नव्यानं आलेल्या सायली मॅडमनी ते पाहुण्या बाईंना इंग्रजीत सांगायचं, असं ठरलं. विशाखा वाचणार होती. आदल्या दिवशी मालनबाईंनी खात्री करून घेतली.

“त्यात झाडू नाय ना?”

“झाडू हा शब्दच नाही, आई.”

विशाखानं शब्द पाळला. तिच्या लेखाची पहिलीच ओळ होती : “माझी आई रोज सकाळी हे विद्यापीठ लोटती.” मागच्या दाराशी उभ्या मालनबाईंनी कपांची टोपली घट्ट धरली. कार्टीनं झाडू टाळला आणि सगळं सांगूनही टाकलं.

पण हॉलमध्ये कुणी वळून बघितलं नाही. वाचन संपल्यावर पाहुण्या बाई भारावून बोलल्या आणि सायली मॅडमनी ते मराठीत सांगितलं. “त्या म्हणतात, एक आई रोज अख्खं विद्यापीठ ढकलते, ही प्रतिमा फार ताकदीची आहे. ही आई कल्पनेतली आहे का, असं त्या विचारतायत.”

टाळ्या पडल्या.  विशाखाची नजर दाराकडं गेली आणि तिथंच राहिली.

आता गप्प बसलं की झालं, हे मालनबाईंना स्वच्छ दिसत होतं. गुपित आयतंच झाकलं गेलं होतं. पण पोरीनं त्यांना लिहिलं होतं आणि लोक त्यांना कल्पनेतली म्हणत होते. जिवंत बाईनं असं ऐकून घ्यावं तरी किती? त्यांनी हातातली टोपली खाली ठेवली.

“मॅडम, ढकलत नाय. लोटती. झाडलोट म्हंता ना, त्यातलं लोट.” त्यांनी विशाखाकडं बोट दाखवलं. “मीच लोटती हा हॉल. ही माजी लेक हाय.”

सायली मॅडमचा चेहरा उतरला. पण बाई सरळ होत्या. आपली चूक त्यांनी पाहुण्यांना जशीच्या तशी सांगितली. पाहुण्या बाई उठून मालनबाईंजवळ आल्या, वही पुढं करून काहीतरी म्हणाल्या. “तुमच्या हातानं तो शब्द लिहून हवाय त्यांना,” सायली मॅडम म्हणाल्या, “आणि आम्हालाही. फळ्यावर.”

वहीत लिहून मालनबाई फळ्यापाशी गेल्या. एकवीस वर्षं तो त्यांनी फक्त पुसला होता. खडू दाबून, सावकाश, त्यांनी लिहिलं : लोटनं. समोर व्याकरणाचे तीन प्राध्यापक बसले होते. ‘न’चा ‘ण’ करायला एकही उठला नाही. विशाखा रडत होती आणि हसतही होती. पहिल्या रांगेतली खुर्ची पुढं आली तेव्हा मात्र मालनबाई म्हणाल्या, “बसते की. आधी चहाचे कप उचलू द्या.” आणि मग खरंच येऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी हॉल लोटून झाला. पुंडलिक कुलूप लावायला आला आणि आत डोकावला.

“मावशी, फळा पुसायचा राहिला की.”

“राहू दे,” मालनबाई म्हणाल्या. “विशाखाच्या आईचं अक्षर हाय ते.”