गादी टणक आहे

दिल्लीतल्या हॉटेलांचा झरीनाच्या अब्बांइतका कट्टर वैरी अख्ख्या देशात सापडणार नाही. झरीना माझी मैत्रीण. तिचे अब्बा मूळचे साताऱ्याचे, केंद्र सरकारच्या नोकरीपायी दिल्लीत आले आणि निवृत्त होऊन मयूर विहारच्या दोन खोल्यांत राहिले. मसाला साताऱ्याचा, शिव्या साताऱ्याच्या, रुबाब मात्र थेट मंत्रालयातला. मराठी माणूस दिल्लीत उतरला की त्याला हॉटेल शोधून द्यायचा मक्ता त्यांचा, आणि त्यात एक जगावेगळा कायदा: पाहुणा आपला, तर खोलीही आपल्याच नावावर. काउंटरवर पाहुण्याने स्वतःचं आधार कार्ड काढणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं. एका पुणेकर प्राध्यापकांनी खिशात हात घातला, तर अब्बांनी तो मनगटाला धरून बाहेर काढला म्हणे.

मी एका धरणे आंदोलनासाठी दिल्लीला गेले तेव्हा त्यांच्या घरी झरीनाच्या बहिणीचं सासर उतरलेलं. मला रात्रीपुरती पाठ टेकायला जागा हवी होती. पत्रकांचे गठ्ठे सांभाळत मी स्टेशनजवळच्या गल्लीत उभी, आणि अब्बा एकेका हॉटेलात जाऊन दोन मिनिटांत परत. पहिल्यात पाणी खारट. दुसऱ्यात उशी म्हणजे दगड. तिसऱ्यात, "बिल्कुल फालतू, खिडकीच नाही." जिना न चढता या माणसाला उशी कळते कशी? माझं डोकं तापलं. चौथ्या हॉटेलात मी मागोमाग शिरले.

काउंटरवरच्या माणसाने अब्बांचं कार्ड वाचलं, मग चेहरा वाचला. "रूम नहीं है, अंकल." आमच्या मागून आलेल्या जोडप्याला त्याने लगेच किल्ली दिली. अब्बांनी कार्ड पुसून खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "गादी टणक आहे. चलो."

अन्यायावर गठ्ठे छापणारी मी, आणि अन्याय माझ्यापासून हातभर अंतरावर कार्ड पुसत होता.

"अब्बा, मी बोलते त्याच्याशी."

"काय बोलणार? गादी मऊ कर म्हणून?"

"मग माझं कार्ड दाखवते. मला देईल तो."

"तुला देईलच गं. पण मग तू पाहुणी कुणाची?"

मी पत्रकांचे गठ्ठे उचलले आणि त्यांच्यामागे निघाले.

गल्लीच्या टोकाच्या हॉटेलात एक म्हातारी बाई स्वेटर विणत होती. तिने अब्बांचं कार्ड घेतलं, नाव उतरवलं, किल्ली सरकवली. बस, एवढंच. अब्बा क्षणभर तिथेच उभे राहिले, मग तरुणासारखे जिना चढले. खोलीला खिडकी नव्हती. नळाचं पाणी मी चाखलं, खारट. गादी तर नुसती फळी.

अब्बांनी तिच्यावरून हळूच हात फिरवला. "कापूस," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धरण्याला मी कंबर धरून बसले होते. झरीना डबा घेऊन आली, अब्बा तिच्यामागे. तिने विचारलं, "झोप लागली का गं?"

अब्बा दुसरीकडे बघत होते, पण कान इकडेच होते.

"कापूस होता नुसता," मी म्हटलं.