दोन डाव्या बाह्या

कापड अपुरं पडलं की लोक ते मास्तरांकडेच आणायचे. इतर शिंपी कापड दुहेरी घालून दोन्ही बाह्या एकदम कापतात. कापड पुरेना झालं की हात वर! मास्तर मात्र एकेरी कापडाच्या उरल्यासुरल्या कोपऱ्यात दुसरी बाही बसवायचे, तीही डावीचा कागदी साचा उजवीसाठी न उलटवता. "डोक्यात उलटतो की!" म्हणायचे. एकदा तर एका ढेरपोट्या ड्रायव्हरचा कोट त्यांनी त्याच्या काटकुळ्या भावाच्या मापाच्या कापडात बसवला आणि वर टोपीपुरता तुकडा परत दिला.

त्याच मास्तरांनी त्या दिवशी दोन्ही बाह्या डाव्या कापल्या.

मशीनवरच्या बायकोनं बाह्या जुळवून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, गिऱ्हाइकाला उजवा हात आहे ना?"

मास्तर हसले नाहीत. त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या गाठीसाठी आठ महिने इंजेक्शन चालू होतं, पुरुषी हार्मोन बंद करणारं. गाठ दबली, पण अंगातून वाफा निघायच्या आणि डोक्यात साचा फिरवायला गेलं की तो अर्ध्यात अडकायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हार्मोनचा मेंदूशीही संबंध असतो. काहींना असं होतं, काहींना नाही. तुमचं त्यानंच की वयानं, ते मात्र छातीठोक सांगता येत नाही."

"उद्याचं इंजेक्शन मी घेत नाही," मास्तर म्हणाले.

"आणि गाठ?"

"कात्री गेल्यावर जगून करू काय?"

"माझी पाळी गेली तेव्हा वर्षभर मी कात्रीला 'ते कचकच' म्हणत होते. शब्दच सापडायचा नाही. तुम्ही गिऱ्हाइकांना माझी नक्कल करून दाखवायचात. मी सोडलं का मशीन?"

मास्तर बसले, उठले, पंखा वाढवला. "थट्टा होती गं ती."

"बरं, मग आता थट्टेची पाळी माझी!"

सकाळी त्यांनी मुकाट्यानं इंजेक्शन घेतलं. परतताना चार दुकानं हिंडून तसलंच कापड हुडकलं, टेबलावर पसरलं. साचा हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. अखेर चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो हातानं उलटवला आणि खडूनं रेघ मारली.

"बघ गं, उजवीच ना?"

"उजवीच. कापा."

कात्री उघडली. मिटली.

"पुन्हा एकदा बघ."